खुर्चीपुढचं वाचन

“वाच. ऐकल्याशिवाय ते कुणालाच प्रयोगाची परवानगी देत नाहीत,” म्हणत काकूंनी वेताच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांचे नाटककार यजमान जाऊन वर्ष झालं होतं.

परवानगीशिवाय बाळंतपणानंतरचं माझं पहिलं नाटक उभंच राहणार नव्हतं. मी त्यांच्याच नाटकाची संहिता वाचू लागले.

मांडीवरची लेक उतरून खुर्चीकडे रांगत गेली. परकं माणूस दिसलं की भोकाड पसरणारी माझी चिमणी हात वर करून खुदकन हसली. पान उलटून पाहते तर ती खुर्चीत, बैठकीपासून वीतभर उंच, कुणाच्या मांडीवर बसल्यासारखी झुलत होती.

“आवडलं हो त्यांना. दिली परवानगी,” काकू म्हणाल्या. मी लेकीकडे धावले, तर त्यांनी हात धरला.

“ओढू नकोस गं. तीही आता त्यांच्याकडे मागावी लागेल.”