अठरावा गुण

"आजी, मिस्टरांचं नाव सांगा," तपासणीसाठी घरी आलेल्या सिस्टर समीना दुसऱ्यांदा म्हणाल्या.

कुंभोजकर आजींनी पदर सारखा केला आणि खाली बघून हसल्या. चाचणीसाठी त्यांच्या कपाळावर बांधलेल्या पट्टीचा दिवा लाल झाला: वेळ संपली, उत्तर नाही.

वीसपैकी सतरा गुण झाले होते आणि हा शेवटचा प्रश्न होता. विसरणं थांबवणारं इंजेक्शन अठराच्या खाली लागू पडत नाही, म्हणून सरकारने ते अठरा किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांपुरतंच ठेवलं होतं.

"ती विसरलेली नाही," मुलगी रोहिणी तडकून म्हणाली. "तिनं आयुष्यात कधी बाबांचं नाव घेतलं नाही. 'अहो' म्हणायची. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या घरात कुणाला आई नव्हती का?"

"घरच्यांनी उत्तर सांगितलं तर चाचणी बाद होते, ताई."

"उत्तर नाही सांगत. उखाणा घ्यायला सांगते."

समीनांनी लाल दिवा बंद केला. मग त्यांनी वेळ पुन्हा लावून दिली. तीस सेकंद.

"आई, उखाणा घे गं. मंगळागौरीला घ्यायचीस तसा."

आजींचा चेहरा उजळला. मान ताठ करून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "कृष्णेच्या पाण्यात सोडला दिवा..."

बघा, अशा नजरेने रोहिणीने समीनांकडे पाहिलं.

पुढचे शब्द आले नाहीत. दहा सेकंद उरले. आजी आता हसत नव्हत्या. त्यांनी रोहिणीचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानात हळूच विचारलं, "नाव काय गं त्यांचं?"