आभाराची ओळ

खिडकीला गाद्या उभ्या लावलेल्या, फ्रीज बंद, पंखा बंद. चर्चच्या बँडचं गाणं आमच्या घरात रेकॉर्ड होत होतं, म्हणून माझ्याच स्वयंपाकघरात मी भांडं वाजवायचं नाही. शब्द माझ्या मुलाचे, सुमंतचे, आवाज सुनेचा, एस्तेरचा. तिचं बाळ पोटातच गेलं, त्याला दोन महिने झाले होते.

“रिकाम्या कुशीनंही तुझे आभार,” या ओळीवर आलं की एस्तेरचा आवाज फाटायचा. सुमंत हेडफोन सरकवून म्हणायचा, “पुन्हा घेऊ.”

आमचं घर रडणारं नाही, हे चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. पण तिनं ओढणी तोंडात कोंबलेली दिसली आणि मी आत गेले.

“सुमंत, ती ओळ खोड. लिही, देवा, माझी कूस रिकामी का?”

“आई, चर्चमध्ये असं कसं गायचं? पाळकसाहेब काय म्हणतील?”

“बायबलात दाविदानं देवाला जाब विचारला, ती स्तोत्रं दर रविवारी वाचता. माझ्या सुनेनं विचारलं की तुमच्या पोटात दुखतं होय?”

ढोलकीवाल्यानं खाली बघून हसू दाबलं.

सुमंतनं ओळ बदलली. एस्तेरनं ती एका दमात गायली, आवाज फाटला नाही. गिटार मात्र मध्येच थांबली. सुमंत तारांवर हात ठेवून हमसाहमशी रडत होता, बाळ गेल्यापासून पहिल्यांदा.

“पुन्हा घेऊ?” ढोलकीवाल्यानं हळूच विचारलं.

“नको,” मी म्हणाले आणि पंखा लावला.