गढीचा बांध

टॅन्सी पोटापर्यंत गाळात रुतली होती आणि आता तिने धडपडणंही सोडलं होतं. ती धडपडत होती तोवर एडविन थर्लोला धीर होता. खंदकाच्या गार पाण्यात कमरेइतकं उभं राहून तो गायीचं जड डोकं खांद्यावर तोलून धरत होता.

बांधापलीकडे शेजारचा डेनी केबल जेसीबी सुरू ठेवून बसला होता.

"बंबवाले तासाभराने येणार म्हणे. तोवर ही राहतेय होय? पाणवठ्याकडून यंत्र पोचत नाही, बघितलंस ना. बांध फोडू दे मला."

"बांधाला हात लावायचा नाही."

"कायद्याला घाबरतोस?"

कायद्याचं काय घेऊन बसायचं! सरकारने संरक्षित म्हणून पाटी लावली, त्याच्या कितीतरी आधीपासून थर्लो मंडळी हा बांध जपत आली होती. आतली गढी केव्हाच मातीला मिळाली. उरला तो खंदक, मधला गवताळ उंचवटा आणि भोवतीचा हा बांध. लहानपणी एडविनने त्यावर खुंटी ठोकली, तर बापाने तीच उपसून त्याला बडवला होता. गायीसुद्धा लांबून वळसा घालून पाण्यावर येत.

टॅन्सीचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. मध्येच तो लागेनासा झाला, मग पुन्हा लागला.

"गढीला सातशे वर्षं झाली, बाबा," डेनी म्हणाला. "हिच्याकडे तेवढा वेळ नाही."

एडविनने डोळे मिटले. इतकं असहाय त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

"फोड."

"काय?"

"फोड म्हटलं ना."

बांध लोण्यासारखा कापला गेला, हेच त्याला सोसवेना. मग पट्टा बांधून डेनीने टॅन्सीला ओढून वर काढलं. ती बराच वेळ आडवी पडून राहिली, मग लटपटत उठली आणि खिंडारातून शेतात गेली. एडविनला रडू आलं.

तोवर शेतातला कळप खिंडारापाशी जमला होता.

"मागे व्हा गं," म्हणत तो हात पसरून आडवा उभा राहिला. "बायांनो, मागे व्हा."

डेनीने यंत्र बंद केलं. गायी एकामागून एक एडविनच्या ओल्या अंगाला घासत, रोजच्याच वाटेने निघाल्यासारख्या, खाली खंदकात उतरू लागल्या.