पुढचा राजा

पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगली आणि घरात अश्वजित आणि त्याची आई विमलाबाई, दोघंच उरली. वडिलांचं शेवटचं दर्शन त्याला मिळालं नव्हतं. मॉस्कोहून गावी, एकोडीला, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"माय, बाबाले रशियाचा एवढा नाद कसा लागला?" शांतता सोसवेना म्हणून त्याने विचारलं.

त्याचे वडील डोमाजी साकोली आगारात एस.टी. चालवून निवृत्त झाले होते. अश्वजित मॉस्कोला शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. इतक्या वर्षांत एकदाही घरी आला नाही. रविवारी फोन यायचा. खोकला बरा आहे, धान कापून झालं, एवढं सांगून झालं की दोघंही गप्प. मग एका रविवारी डोमाजींनी विचारलं, "तुह्या त्या शहराले वसवलं कोनं?"

अश्वजित खुलला. जंगलात नदीकाठी लाकडी कोट बांधणाऱ्या युरी नावाच्या राजाबद्दल त्याने भरभरून सांगितलं. पुढच्या फोनला डोमाजी तयारच होते. "मंग त्याच्या मांगून कोन आला?" मग कमरेला पैशाची थैली बांधणारा इव्हान आला. पांढऱ्या दगडाची तटबंदी उभारणारा दिमित्री आला. अश्वजित फोन करण्याआधी वाचून ठेवू लागला. राजे संपले तसे महापौर सुरू झाले. पूर्वी पाडलेलं चर्च एकाने पुन्हा बांधलं, दुसऱ्याने फुटपाथ रुंद केले.

शेवटी एकदा तो हसत म्हणाला, "झालं बाबा. हाच आताचा महापौर. याच्या पुढं कोनी नाई."

पलीकडून डोमाजी "बरं" म्हणाले. त्यानंतर ते फोन लगेच विमलाबाईंकडे देऊ लागले. अश्वजितचेही रविवार चुकू लागले.

"नाद कायचा रे?" विमलाबाई म्हणाल्या. "त्याहिच्या ध्यानात काईच राहत नोतं. राजाचं नाव मलेच इचारत."

"मंग कायले इचारत होते?"

"एकदा त्याहिनं इचारलं, घरी कधी येशीन म्हनून. तू चिडला, फोन ठेवून देल्ला. मंग किती दिवस केलाच नाई. तवापासून ते तसं इचाराले भेत. राजाचं इचारलं का तू बोलत राहे."

अश्वजितची मान खाली गेली.

"तू म्हटलं ना, याच्या पुढं कोनी नाई? त्या दिवशी ते जेवले नाई. फोन हातात धरून तिथंच बसून राहिले."

"काई बोलले?"

विमलाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"म्हने, राजे सरले. आता पोराले काय इचारू?"