घरात कोणता कन्सोल?

जवळा बाजारच्या पल्लवीचं चॅनल एकाच कामासाठी ओळखलं जायचं. तिसऱ्याच कंपनीनं बनवलेला एखादा गेम दोन प्रतिस्पर्धी कन्सोलांवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांवर, किती किती खपला, ते ती लाइव्ह येऊन सांगायची. त्या दिवशी एका कन्सोलवर तो निम्माच खपल्याचं तिनं सांगितलं आणि त्या कन्सोलचे चाहते तिच्यावर तुटून पडले.

“तू दुसऱ्या कन्सोलवाल्यांची माणूस आहेस. घरात कोणता कन्सोल आहे, दाखव.”

पल्लवीनं मोबाइल उचलून अख्खं घर दाखवलं. “एकबी न्हाई. आजवर हातातसुद्धा धरला न्हाई.”

स्क्रीन हसऱ्या इमोजींनी भरून गेली. “मग तू कोण सांगणारी?”

तिनं कॅमेरा वडिलांकडं वळवला. ते पंचवीस वर्षांपासून मोंढ्याच्या धान्यबाजारात सोयाबीन मोजणारे मापारी.

“आबा, माल काट्यावर असला की इकणारा आन् घेणारा कुठं उभे राहतात?”

“दोघंबी काट्यापासून लांब. हात लावू देत न्हाई मी.”

तिनं कॅमेरा पुन्हा स्वतःकडं घेतला.

“ऐकलं न? आता लांब उभं राहा. पुढचा गेम सांगून राहिले मी.”