कार्डावरची चार अक्षरं

वर्षाच्या लग्नाचं कार्ड सुंदराला दिसलं ते शेजारणीच्या घरी. शेजारीण रूपाली वर्षाच्याच ऑफिसात कामाला होती. तिला कार्ड मिळून आठवडा झाला होता. नवागामच्या त्याच गल्लीत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सुंदराला अजून मिळालं नव्हतं.

वर्षा तिच्या धाकट्या दिराची मुलगी. आई गेली तेव्हा दोन वर्षांची होती. सुंदरानं तिला वाढवलं; वर्षा तिला मोठी माय म्हणायची. पोर मांडीवर आणि मजुरीची साडी पुढ्यात, असे चमकीचे खडे चिकटवले. गेल्या साली दिरानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला घर घेतलं आणि मुलीला घेऊन तो तिकडे गेला. तेव्हापासून उज्ज्वलामावशीचं येणं-जाणं वाढलं. भाची कमावती झाली तेव्हा मावशीला आठवण झाली, असं सुंदरा चारचौघीत बोलून दाखवायची. लग्नाचा बस्ता बांधायलाही वर्षा मावशीलाच घेऊन गेली होती.

कार्ड इंग्रजीत होतं. सुंदरानं रूपालीकडून ते सगळं वाचून घेतलं. तळाशी आर, एस, व्ही, पी अशी चार अक्षरं होती आणि पुढे एकच नाव, उज्ज्वला. शेजारी तिचा फोन नंबर. त्या अक्षरांचा अर्थ रूपालीलाही ठाऊक नव्हता. काहीतरी मोठा मान असेल, असं ती म्हणाली.

त्या दिवसापासून सुंदराच्या हातून खडे वाकडे बसू लागले. न्हाऊ-माखू घालायचं आपण, वेण्या घालायच्या आपण, आणि मान मावशीला. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं रूपालीकडून तोच नंबर लावून घेतला.

"मी सुंदरा बोलते, नवागामहून. मी काही येत नाही लग्नाला."

उज्ज्वलानं विचारलं, नंबर कुठून मिळाला. त्या चार अक्षरांपुढून, असं सुंदरानं सांगितलं. तेव्हा उज्ज्वला म्हणाली की ती अक्षरं फ्रेंच आहेत, छापखानेवाल्यानं तिला समजावलं होतं. अर्थ एवढाच, की येणार की नाही ते कळवा. पाहुण्यांचे फोन घ्यायचे आणि यादीत खूण करायची, हे काम तिच्याकडे आलं होतं.

"मग माझ्या नावापुढे फुली मारा," सुंदरा म्हणाली.

"तुमचं नाव यादीत नाही, ताई."

"नाही म्हणजे?" सुंदरानं विचारलं.

"मी लिहिलं होतं," उज्ज्वला सावकाश म्हणाली. "वर्षानं खोडलं. म्हणाली, पोरीच्या लग्नाला येणार का, असं आईला कुणी विचारतं का? रोज दाराकडे बघते. मोठी माय अजून राहायला कशी आली नाही, म्हणते."

उज्ज्वलानं फोन ठेवला नाही.

"माझं नाव आहे यादीत," ती म्हणाली. "तिसऱ्या पानावर, पाहुण्यांमध्ये."