चपलांची तोंडं

जयलक्ष्मीपुरममधलं ग्रंथालय हे हिराओकासाहेबांचं शेवटचं काम. जगभर नावाजलेल्या या ऐंशी वर्षांच्या जपानी वास्तुकाराने दिगंबर गवंड्याला एकच भिंत तीनदा पाडायला लावली होती, आणि दिगंबरने त्यांना कन्नडमधून मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आज उद्घाटनाला मंत्री खोळंबले, तरी साहेबांचा पत्ता नव्हता. शोधायला निघालेला दिगंबर दारातच थिजला. साहेब बाहेर उकिडवे बसून गवंड्या-मजुरांच्या सिमेंटने माखलेल्या चपलांची तोंडं हाताने रस्त्याकडे वळवत होते. "अय्यो, हे काय?" तो पुटपुटला. "जपानात पाहुण्यांच्या चपला अशाच लावतात. निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून," साहेबांची सहकारी इरा म्हणाली. संध्याकाळी दिगंबर चपला टॉवेलात गुंडाळून अनवाणीच निघाला. साहेबांनी काळजीने इराला काहीतरी विचारलं. "काका, चपला चावतात का, विचारताहेत." "चावत नाहीत म्हणावं," दिगंबर म्हणाला, "आता पायात घालवत नाहीत."